सोमवारची सुट्टी झोपेत जाते, म्हणून ऑपरेटर जातो

पत्र: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी उद्यमनगरात दोन लेथवर सुरुवात केली होती. आता १४ सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापायची) मशीन आहेत, सगळी मिळून ४४ माणसं. सकाळी ८ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा दोन शिफ्ट, सोमवारी सुट्टी. ऑपरेटरला आठ तासांचे रोज ६०० रुपये आणि वरच्या तासांना तासाला ७५ रुपये, म्हणजे महिन्याला २२,४०० च्या आसपास हातात पडतात. तरी आठ महिन्यांत ११ ऑपरेटर सोडून गेले. दोघे तर ५०० रुपये कमी घेऊन कागलला गेले. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई मालक, सगळं बरं हाय. तेवढं पगाराचं बघा." दिवाळीला मिक्सर दिले, फरक पडला नाही. पगार वाढवावा तर गिऱ्हाईक रेट वाढवून देत नाही. कामाच्या वेळा माणसाच्या सोयीनं ठेवणं आयटीवाल्यांना जमतं. मशीन घरी नेता येत नाही. आम्ही काय करायचं? (एक तरुण कारखानदार, शिरोली)

उत्तर:

कागलला गेलेल्या त्या दोघांचा हिशेब आधी मांडू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून कळतं. तुमच्याकडे बारा तासांतला जेवणाचा अर्धा तास सोडला तर रोज साडेअकरा तास काम होतं. २६ दिवसांचे २९९ तास. २२,४०० ला २९९ ने भागा, तासाला ७५ रुपये पडतात. नव्या ठिकाणी २१,९०० मिळत असतील आणि काम साडेनऊ तासांचं असेल, तर महिन्याचे तास २४७ होतात आणि तासाचा दर ८८ च्या पुढे जातो. म्हणजे तो ५०० रुपये कमी घेऊन गेलाच नाही. रोजचे दोन तास परत मिळवून आणि तासाला तेरा रुपये जास्त घेऊन गेला. तुम्ही महिन्याची रक्कम बघताय, तो दिवसाचा हिशेब बघतोय.

आणि तुमच्या पत्रातली एक गोष्ट टाळून पुढं जाता येणार नाही. वरच्या तासांना तुम्ही ७५ देता, म्हणजे साधाच दर देता. ४८ तासांचा आठवडा आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी हे १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही आहे. तुमच्याकडे आठवड्याला ६९ तास होतात, त्यातले २१ तास ओव्हरटाइमचे. तेरा आठवड्यांच्या तिमाहीत ते २७३ होतात. तिमाहीत किती ओव्हरटाइम चालतो याला मर्यादा आहे, चालू आकडा तुमच्या कामगार सल्लागाराकडून घ्या, पण २७३ कुठल्याच हिशेबात बसणार नाही. शिवाय दुप्पट दरानं धरलं तर त्याच ऑपरेटरला २९,२५० मिळायला हवेत. दर महिन्याला प्रत्येकाचे ६,८२५ रुपये तुमच्याकडे राहतात. हे सगळ्यांना माहीत असतं. मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही इतकंच.

मीटिंगमध्ये का बोलत नाही, हेही बघा. चाळीस माणसं, समोर मालक, बाजूला सुपरवायझर. "नाईटची सुट्टी झोपेत जाते" म्हणावं तर काम टाळणारा ठरतो. "अमुक सुपरवायझर आईवरून शिव्या देतो" म्हणावं तर पुढच्या आठवड्यात नाईट त्याच्याच वाट्याला येते. "पगाराचं बघा" हे एकच उत्तर असं आहे की त्यानं कुणाचं नाव येत नाही आणि कुणी रागवत नाही. म्हणून सगळे तेच देतात. तेवढ्यावरून कामगाराला फक्त पैसाच पाहिजे असा निष्कर्ष काढू नका.

विचारायचं असेल तर एकेकाला, कागदावर, बिननावाचं विचारा. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. दिवसपाळीचं पांढरं, रातपाळीचं पिवळं, इन्स्पेक्शन आणि पॅकिंगचं हिरवं. एवढीच ओळख पुरे. त्यावर आठ चौकोन छापा: शिफ्ट पंधरा दिवस आधी कळावी, रोजचे तास कमी व्हावेत, ओव्हरटाइम मागेल त्यालाच द्यावा, नाईट कमी किंवा कायम, सुट्टीचा दिवस अख्खा मिळावा, जत्रेला आणि शेतीच्या कामाला रजा, शॉपमधला उकाडा-वास-पाणी-संडास, आणि वरिष्ठांची बोलण्याची रीत. प्रत्येकानं एकूण दहा टिंबं या आठ चौकोनांत वाटायची. सगळी एकात टाकली तरी चालतील. लिहायचं काही नाही, म्हणजे अक्षर ओळखू यायची भीती नाही. पेटी कुलपाची, स्टोअरच्या आत, सुपरवायझरच्या टेबलापासून लांब. कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसांनाही कार्ड द्या. मशीन तीही चालवतात आणि सोडून जाण्यात तीच पहिली असतात.

पगाराचा चौकोन मुद्दाम ठेवू नका. तो ठेवला की दहाही टिंबं तिथं पडतात आणि तुम्ही पुन्हा मीटिंगच्याच जागी येता. पैशाचं कार्डाच्या मागच्या बाजूला विचारा, पण 'हे की ते' अशा जोड्यांत, आणि प्रत्येक जोडीत दोन्हीकडे काहीतरी सोडावं लागलं पाहिजे. उदाहरणार्थ: महिन्याला ४०० जास्त पण शिफ्ट आदल्या दिवशी कळणार, की ४०० नकोत पण शिफ्ट पंधरा दिवस आधी बोर्डावर लागणार? लगेच खाली तोच प्रश्न ८०० रुपये धरून, त्याखाली १,२०० धरून. माणूस ४०० ला 'शिफ्ट आधी कळू दे' म्हणतो आणि १,२०० ला पैशाकडं वळतो, तर आधी शिफ्ट कळण्याची त्याच्या लेखी किंमत या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी आहे. दुसरी जोडी: दर दुसऱ्या आठवड्याला नाईट आणि भत्ता नाही, की कायम नाईट आणि रोज १०० भत्ता? तिसरी: आजचे तास आणि आजचे पैसे, की साडेआठ तास आणि १७,५००? जे तुम्ही देऊच शकत नाही ते कार्डावर छापू नका. एकदा विचारून न देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट पडतं.

मोजताना सरासरी काढून थांबू नका, इथंच बहुतेकांची चूक होते. समजा 'नाईट' या चौकोनात २८ कार्डांत मिळून साठ टिंबं आली, म्हणजे सरासरी दोनच्या थोडी वर. किरकोळ वाटतं. पण ती साठ टिंबं सहाच कार्डांवर दहा-दहा असतील, तर ती सहा माणसं तुमच्याकडून जाणार आहेत. कार्डं टेबलावर पसरा आणि एका चौकोनात सात किंवा जास्त टिंबं असलेली बाजूला काढा. सोडून जाण्याच्या वाटेवरची माणसं त्या गठ्ठ्यात असतात. कार्ड कुणाचं हे शोधायला मात्र जाऊ नका.

आता तासांकडे येऊ, कारण आमच्या मते तुमचं मुख्य दुखणं तिथं आहे.

आठवडा बदलतो तेव्हा काय होतं बघा. दिवसपाळीचा माणूस रविवारी रात्री ८ ला सुटतो आणि मंगळवारी रात्री ८ ला नाईटला येतो. त्याला ४८ तास मिळाले. नाईटवाला सोमवारी सकाळी ८ ला सुटतो, घरी जाऊन आंघोळ करून झोपतो, उठतो तेव्हा दुपार कलंडलेली असते, आणि मंगळवारी सकाळी ८ ला तो पुन्हा मशीनवर. त्याला २४ तास मिळाले, त्यातला उजेडाचा भाग झोपेत गेला. कागदावर दोघांनाही आठवड्याची एक सुट्टी आहे. घरच्यांच्या लेखी नाईटवाल्याला ती मिळालेलीच नाही. सोमवारी कोल्हापूरचा बाजार बंद, बँकेचं आणि तलाठ्याचं काम असलं तर ते सोमवारीच करायचं, आणि नेमका तोच दिवस उशीत तोंड घालून जातो. यावर उपाय एकच आणि साधा आहे: रविवारची नाईट बंद करा. मग तो रविवारी सकाळी सुटतो, मंगळवारी सकाळी येतो, त्यालाही ४८ तास मिळतात. पाच नाईटला सहा दिवसांची हजेरी धरा. ही एक गोष्ट करून बघा, बाकी काही जमलं नाही तरी.

दुसरी अडचण शिफ्ट बदलायच्या ८ या वेळेचीच आहे. तुमची माणसं हातकणंगले, करवीर, पन्हाळ्याच्या गावांतून येत असतील, तर निम्म्यांच्या दारात एखादी-दुसरी म्हैस आहे. दूध संस्थेचं संकलन सकाळ-संध्याकाळ असतं. सकाळी सव्वासातला घर सोडणारा आणि रात्री पावणेनऊला पोचणारा माणूस संध्याकाळच्या धारेला कधीच नसतो, आणि रात्री आठला हजर व्हायचं म्हणून सातला निघणारा नाईटवालाही घाईत धार काढून, दूध बायकोवर सोडून पळतो. म्हणजे दोन्ही शिफ्टवाले संध्याकाळी घरी निरुपयोगी. उसाला पाणी पाजायचंही तसंच. अनेक फीडरवर शेतीपंपाला थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या विजेच्या दिवसांत दिवसपाळीवाला रात्रभर पाण्यामागं उभा राहून सकाळी मशीनवर येतो, नाहीतर खाडा करतो. तुमच्या हजेरीपुस्तकातले खाडे आणि गावच्या फीडरचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. खाड्यांमागचा आळस किती आणि पाण्याची पाळी किती, ते कळेल.

म्हणून आम्ही असं सुचवतो. दिवसपाळी सकाळी ७ ला सुरू. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस संध्याकाळी ५:३० पर्यंत, शनिवार-रविवार ३:३० पर्यंत. रातपाळी त्या चार रात्री ८:३० ते ७, शनिवारी १०:३० ते ७, रविवारी नाही. सकाळी ७ की ७:३० हे त्यांनाच ठरवू द्या, लहान पोरांना शाळेत सोडणारे ७:३० मागतील. यात त्या चार दिवशी संध्याकाळी मशीन तीन तास उभी राहतात, शनिवारी सात. तो वेळ वाया गेला असं समजू नका. चिप (धातूचा कीस) काढणं, टूल बदलणं, पुढच्या जॉबचं (घडवायच्या भागाचं) सेटिंग तेव्हा होऊ शकतं, आणि तुमच्या वीजबिलात 'टाइम ऑफ डे' दर असतील तर तेच संध्याकाळचे तास सर्वांत महाग असतात.

पैशाचं गणित असं. दिवसपाळी असो की रातपाळी, दहा तासांच्या चार पाळ्यांतले रोजच्या आठ तासांवरचे दोन-दोन धरून आठवड्याला आठ तास ओव्हरटाइम, तिमाहीत १०४. दुप्पट दरानं द्यायचा. रोज ६०० चे ६४५ केलेत तर २६ दिवसांचे १६,७७० आणि महिन्याच्या सुमारे पावणेपस्तीस ओव्हरटाइम तासांचे ५,५९० च्या आसपास, मिळून २२,३६०. म्हणजे त्याच्या हातात आज पडतात तेवढेच पैसे पडतात, आठवड्याचे तास ६९ वरून दिवसपाळीत ५६ वर आणि रातपाळीत ४८ वर येतात आणि तुम्ही कायद्याच्या बाजूनं उभे राहता. हातातली रक्कम घटवून तास कमी करू नका. नुसतं आठ तासांवर आणून १५,६०० हातात ठेवलेत तर उरलेलेही जातील. घरांचे हप्ते बारा तासांच्या पगारावर बांधलेले असतात.

हे फुकट होत नाही. एका मशीनला आठवड्याला आज १३८ तास मिळतात, या रचनेत १०४ उरतात. कागदावर पाव भाग गेला. पण ते १३८ तास घड्याळाचे आहेत, मशीन प्रत्यक्ष कापते त्याचे नव्हेत. कंट्रोलरच्या टायमरच्या स्क्रीनवर कटिंग टाइम दिसतो. या मंगळवारी सकाळी सगळ्या १४ मशीनचे आकडे लिहून घ्या, पुढच्या मंगळवारी पुन्हा घ्या आणि वजा करा. अकरा माणसं गेलेल्या शॉपमध्ये काही मशीन आजच ऑपरेटरवाचून उभी असणार. मग तासवार उत्पादनाच्या आणि रिजेक्शनच्या नोंदी काढा आणि पहिल्या आठ तासांची शेवटच्या साडेतीन तासांशी तुलना करा. पहाटे चारनंतरचं रिजेक्शन वेगळं काढा. खरी तूट किती, हे तेव्हाच समजेल. उरलेली तूट दोन वाटांनी भरा. ज्या मशीनवर काम तुंबतं त्या दोन-तीन मशीनसाठीच जादा माणसं घेऊन संध्याकाळची छोटी शिफ्ट चालवा. आणि जिथं सायकल टाइम (एक जॉब कापायला मशीनला लागणारा वेळ) लांब आहे तिथं एका ऑपरेटरला दोन मशीन द्या, पण हिशेबानं. जॉब काढणं, लावणं आणि गेज मारून माप बघणं याला दीड मिनिट लागत असेल आणि सायकल पाच मिनिटांची असेल, तर माणूस दोन मशीन सांभाळून श्वासही घेऊ शकतो. सायकल दोन मिनिटांची असेल तर तो पळत राहतो, गेज चुकवतो आणि तुम्ही लॉट गमावता. दोन मशीन सांभाळणाऱ्याला वेगळा भत्ता हवाच, नाहीतर ती शिक्षा वाटते.

शिफ्टचं पान पंधरा दिवस आधी बोर्डावर लावा आणि लावलं की बदलू नका. बदलावंच लागलं तर बदल झालेल्या माणसाला त्या दिवसाचे १०० रुपये द्या. ही रक्कम त्याच्यापेक्षा सुपरवायझरसाठी आहे, फुकट असेपर्यंत बदल सहज केले जातात. अदलाबदलीला एक वही ठेवा. एकाच मशीनवर काम येणारे दोघं आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत सही करून पाळी बदलू शकतात, सलग दोन शिफ्ट कुणी करायच्या नाहीत, महिन्याला दोनदाच. पाण्याची पाळी, पोराचं पालकसभेचं बोलावणं, सासऱ्याचं ऑपरेशन, असल्या सगळ्या गोष्टी या वहीत आपापसात सुटतात आणि खाडे कमी होतात. ज्यांना कायम नाईट हवी असेल त्यांना जरूर द्या, पण दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. पंचविशीत सोसलेली कायम नाईट पस्तिशीत सोसत नाही.

रजेचं थोडक्यात. गावची जत्रा, म्हाई, जोतिबाची चैत्र यात्रा या तारखा वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या असतात. जानेवारीत प्रत्येकाकडून गावाच्या जत्रेचे दोन दिवस लिहून घ्या आणि भिंतीवर वर्षाचा तक्ता लावा. एकाच गावचे सहा ऑपरेटर असतील तर ते दोन दिवस त्या मशीनवर काम धरूच नका, गिऱ्हाईकाला महिनाभर आधी सांगा. जत्रेला माणूस येणारच नाही, हे दोघांनाही माहीत असताना रजा नाकारण्यात अर्थ नसतो. भरपगारी रजेचा हक्क पूर्वी वर्षात २४० दिवस भरले की लागायचा, नव्या संहितेत १८० दिवसांवर लागतो, वीस दिवसांच्या कामाला एक दिवस. नेमणूकपत्रही सगळ्यांना द्यावं लागतं. त्यात शिफ्टच्या वेळा आणि ओव्हरटाइमचा दर लिहा.

पावसाळ्याचा नियम जूनच्या आधी ठरवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्यालाच नियम बांधा. ३९ फुटांना नदीपलीकडच्या गावांतल्या लोकांची यादी काढायची आणि त्यांना नाईट लावायची नाही. ४३ फुटांना त्यांनी यायचं नाही, आणि ते दिवस अर्ध्या पगाराचे की भरून काढायचे, हे आधीच लिहिलेलं असावं. पाणी चढताना फोनवर घासाघीस झाली की ती वर्षभर लक्षात राहते.

आता शॉपमधलं. सातव्या चौकोनात टिंबं जास्त आली तर खर्चाची भीती बाळगू नका, त्यातलं बरंच स्वस्तात होतं. मंगळवारी सकाळी शटर उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो का? तो कूलंटचा, म्हणजे कापताना मशीनमध्ये सोडतात त्या तेल-पाण्याचा आहे. सोमवारभर टाकीत कूलंट हलत नाही, वर मशीनच्या तेलाचा थर साचतो, खाली हवा पोचत नाही आणि तिथं जंतू वाढतात. रविवारी शिफ्ट सुटायच्या आधी वरचं तेल स्किमरनं किंवा साध्या शोषक पॅडनं काढून घ्या आणि सोमवारी एखादा तास पंप फिरेल असा टायमर बसवा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात तेल किती ते दाखवणारं छोटं उपकरण) ठेवा आणि आठवड्यातून दोनदा प्रमाण बघा. डब्यावर जे लिहिलं असेल ते, बहुधा ५ ते ८ टक्के. आकडा तेलाच्या माहितीपत्रकातल्या गुणकानं गुणायचा असतो, तो अनेकजण विसरतात. टाकी खाली गेली की नळाचं नुसतं पाणी ओतायची सवय मोडा, त्यानं प्रमाण पातळ होतं आणि जंतूंचं फावतं. आधी पाणी, त्यात तेल, ढवळून, मग टाकीत. पीएच साडेआठच्या खाली आला की कूलंट बदलायच्या मार्गावर आहे. उलट प्रमाण फार घट्ट झालं की ऑपरेटरच्या बोटांना भेगा पडतात, खाज सुटते. फिनेल ओतून वास दाबायचा प्रकार लगेच थांबवा. हात धुवायला कपडे धुण्याचा सोडा किंवा डिझेल वापरत असतील तर तेही बंद करून चांगला हँड क्लीनर ठेवा.

मशीनसमोर उभं राहायच्या जागी छिद्राची रबरी चटई टाका. कूलंट खाली जातं, पाय घसरत नाही आणि टाचा कमी दुखतात. सायकल चालू असताना टेकायला उंच स्टूल द्या. ते बघून सुपरवायझर ओरडणार नाही हे त्याला आधी सांगून ठेवा. पत्र्याच्या शेडला छपरावर टर्बो व्हेंटिलेटर बसवलेत तरी खालून हवा आत यायला जाळ्या नसतील तर ते नुसते फिरत राहतात. पाण्याचा कूलर संडासाच्या भिंतीला लागून असेल तर हलवा. संडासात दिवा, आतून कडी, बादली भरलेली, बस्स.

जुलैचा मात्र वेगळा विचार करा. पंधरा-वीस किलोमीटर मोटारसायकलवर भिजत आलेला माणूस ओल्या पँटीत दहा तास उभा राहतो. गाड्यांना पत्रा, रेनकोट टांगायला लोखंडी पाइपवर हूक आणि खाली निथळायला गटार, शेजारी एक पंखा, आणि प्रत्येकाला कोरडे कपडे ठेवायला लॉकर. शेड आणि लॉकर धरूनही हा खर्च एका व्हीएमसीच्या किमतीपुढं नगण्य आहे, आणि त्याचा उपयोग पहिल्याच पावसात सगळ्यांना होतो. डबा गरम करायला गॅसची शेगडी किंवा हॉट केस ठेवा. थंडगार भाकरी कोल्हापूरच्या माणसाला घशाखाली उतरत नाही.

हिरव्या कार्डांत बायका असतील तर ती कार्डं स्वतंत्र वाचा, आणि त्या दोन-चारच असतील तर कार्ड न देता एखाद्या बाहेरच्या अनुभवी बाईकडून त्यांच्याशी बोलून घ्या. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बसची वेळ, सुटल्यावर अंधार आणि स्वच्छतागृह या तीन ठिकाणी असतं. इन्स्पेक्शनची वेळ अर्ध्या तासानं मागेपुढे केल्यानं जर परतीची बस मिळत असेल, तर ती करा. रात्रीचं काम बायकांना त्यांच्या संमतीशिवाय आणि घरापर्यंत वाहनाची सोय असल्याशिवाय देऊ नका.

आठव्या चौकोनात, म्हणजे बोलण्याच्या रीतीत, तीन कार्डांवर जरी सातच्या वर टिंबं आली तरी आधी तिथं हात घाला. तासांची रचना बदलायला तीन महिने लागतील. शिव्या थांबायला तुमचं सुपरवायझरशी एक बोलणं पुरतं, दाराआड, नाव न घेता. चूक दाखवायची ती मशीनजवळ सगळ्यांसमोर नव्हे, जॉब हातात घेऊन बाजूला. शिफ्ट लावायचा अधिकार सहा महिने त्याच्याकडून काढून स्वतःकडं घ्या, बक्षीस किंवा शिक्षा म्हणून नाईट वापरली जाते का ते तेवढ्यात दिसेल.

कार्डं उघडल्यापासून दहा दिवसांच्या आत एक पान बोर्डावर लावा. काय होईल आणि कोणत्या तारखेपासून. काय होणार नाही आणि का. 'विचार चालू आहे' हे शब्द त्यावर नकोत. रविवारची नाईट बंद, रेनकोटचे हूक आणि दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात करून दाखवा, म्हणजे तासांच्या मोठ्या बदलाला लोक तीन महिने थांबतील. नवी रचना एकदम १४ मशीनवर आणू नका, चार मशीनच्या एका ओळीवर सहा आठवडे चालवा. कटिंग टाइम, रिजेक्शन आणि खाडे यांचे आकडे आधीचे आणि नंतरचे लिहून ठेवा.

कार्डं छापून येईपर्यंत आणखी एक काम होण्यासारखं आहे. गेलेल्या अकरा जणांचे फोन नंबर हजेरीपुस्तकात असतील. कुणाचा हिशेब अडकला असेल तर आधी तो चुकता करा, सोडलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. मग एकेकाला स्वतः फोन लावा, सुपरवायझरला लावायला सांगू नका. परत ये म्हणायचं नाही. तीनच प्रश्न विचारा: सोडायचं पहिल्यांदा मनात कधी आलं, त्या दिवशी काय झालं होतं, आणि आता तिथं किती वाजता घरी पोचतोस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात लिहून घ्या. फोन दुपारी चारच्या पुढं करा. फर्स्ट शिफ्टवाला तोवर सुटलेला असतो आणि नाईटवाला उठलेला.